जुन्या घरावर नवा मजला

घर बांधणें निराळें आणि घर वाढविणें निराळें. पहिलें काम मोकळ्या जमिनीवर होतें. दुसरें माणसांच्या डोक्यावर. 'घर पहावें बांधून' असें बजावणाऱ्या जुन्या म्हणीनें वाढीव बांधकामाविषयीं कांहींच सांगून ठेविलेलें नाहीं, आणि तेंहि साहजिकच आहे. वाड्याला पडवी जोडावयाची किंवा माडी चढवावयाची झाली, तर पूर्वीचा मालक गवंडी व सुतार यांना बोलावीत असे. तेच पाहत, तेच मोजीत आणि तेच बांधीत. आराखडा काढणारा एक आणि बांधणारा दुसरा, ही विभागणी आपल्याकडे तशी अलीकडची आहे. आज शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबापुढें घर वाढवितांना पहिला पेंच उभा राहतो तो याच विभागणीचा. आराखडा, परवानगी, बांधकाम, फरशी, रंग हें सारें एकाच कंपनीच्या हातीं सोंपवावें, कीं आधीं स्वतंत्र आर्किटेक्ट नेमून मग त्याच्या नकाशावरून कंत्राटदार शोधावा?

पुण्यांत हा पेंच पुष्कळ घरांत दिसतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, आणि त्यानंतरच्या वर्षांत शहर पेठांबाहेर झपाट्यानें पसरलें. सहकारी गृहरचना संस्थांनीं भूखंड पाडले. सभासदांनीं ऐपतीप्रमाणें लहानमोठीं बैठीं घरें बांधलीं. त्या घरांचें वय आज पन्नास-साठ वर्षांचें झालें आहे. बांधणाराची तिसरी पिढी तेथें नांदत आहे. जागा विकवत नाहीं, आणि दुसरीकडे तेवढी घेववत नाहीं. म्हणून घरांतल्यांची दृष्टि गच्चीकडे जाते.

अशा एका संस्थेंतील १९६८ सालचें बैठें घर नमुन्यादाखल डोळ्यांपुढें आणावें. वडील निवृत्त झालेले. आईचे गुडघे दुखतात. मुलगा व सून दोघेंहि नोकरी करतात. दोन मुलें शाळेंत जातात. गच्चीवर दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि बाहेरून जिना, एवढीच गरज. सारें मिळून ६०० चौरस फूट. पैसा म्हणजे वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतील शिल्लक आणि वर मुलानें काढावयाचें कर्ज.

पहिल्या रविवारीं एकहाती काम करणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधि येतो. या पद्धतीला बाजारांत 'टर्नकी' म्हणतात. किल्ली हातीं पडेपर्यंत घरमालकानें कांहीं पाहावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ. गृहस्थ हंसतमुख असतो. तो गच्ची मोजतो, चार छायाचित्रें घेतो, आणि आठवड्याच्या आंत नव्या मजल्याचें रंगीत चित्र, चौरस फुटाचा दर व काम पुरें होण्याची तारीख पाठवून देतो. आराखड्याचे पैसे वेगळे नाहींत. तक्रार आली तर एकाच माणसाला फोन करावयाचा. दुसऱ्या रविवारीं आर्किटेक्ट येते. ती चित्र दाखवीत नाहीं कीं आंकडा सांगत नाहीं. उलट १९६८ चा मंजूर नकाशा आहे का, स्लॅबमधील सळ्यांची कांहीं नोंद आहे का, असें विचारते. आणि भिंतीलगत दोन ठिकाणीं खड्डे घेऊन पाया उघडा करून पाहावा, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणावें, आणि या पाहणीचे पैसे निराळे द्यावे, असें सुचवून निघून जाते.

घरांतील माणसांचा कौल कोणाकडे झुकेल हें सांगावयास नको. पैसे देऊन चित्र मिळत असतां पैसे देऊन खड्डा कोण घेईल? शिवाय आईचा बिनतोड वाटणारा प्रश्न असतोच: "घर साठ वर्षें उभें आहे, त्याचा पाया आतां काय पाहावयाचा?"

हाच प्रश्न नीट तपासला पाहिजे. घर साठ वर्षें उभें राहिलें यावरून तें स्वतःचें ओझें पेलतें एवढेंच सिद्ध होतें. त्यावर दुसरें ओझें टाकलें तर काय होईल, याविषयीं तीं साठ वर्षें कांहींच सांगत नाहींत. आणि तें ओझें थोडेंथोडकें नसतें. सळईच्या काँक्रीटचें वजन घनमीटरला सुमारें २,५०० किलो धरतात. त्या हिशेबानें पांच इंची स्लॅबचें वजन दर चौरस मीटरला तीनशें किलोंहून अधिक भरतें. ६०० चौरस फुटांची नुसती स्लॅब सतरा टनांच्या घरांत जाते. नऊ इंची विटांची भिंत तीन मीटर उंच उभारली, तर तिचा एक धांवता मीटर सुमारें १,३०० किलोंचा होतो. माणसें व सामान यांच्यासाठीं राहत्या खोलींत चौरस मीटरला २०० किलो धरावे, असें भारतीय मानक सांगतें. हा सगळा भार शेवटीं जमिनींत उतरतो तो जुन्या भिंतींतून व जुन्या पायांतून.

त्या काळच्या पुष्कळशा बैठ्या घरांत खांब नाहींत. भिंतीच भार वाहतात. पाया काळ्या दगडाचा, आणि त्याखालीं कोठें घट्ट मुरूम तर कोठें काळी माती. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला जितका ठाऊक तितका शहरी घरमालकाला नसतो. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. अशा जमिनीवर पाया उथळ असेल तर घराच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीपासून तिरपी वर जाणारी भेग दिसते. दर दिवाळीला ती भरून रंग देण्याचा प्रघात पडलेला असतो. स्लॅबचीहि हीच कथा. न्हाणीघराच्या बाजूस वर्षानुवर्षें ओल मुरली असेल तर आंतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि खालचें काँक्रीट सोडून देते. खालून गिलावा नीटनेटका असला म्हणजे हें कांहींच दिसत नाहीं. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्याचेंहि ओझें चौरस मीटरला दीडशें-दोनशें किलो असूं शकतें. मजला चढवितांना तो काढला तर तेवढा भार कमी होतो खरा. परंतु काढल्या क्षणापासून खालचें घर पावसाला उघडें पडतें.

वाढीव बांधकामांतील खरी अडचण ही आहे. मोकळ्या भूखंडावर बांधतांना घरमालकाला सारें आधीं ठरवितां येतें. जुन्या घरांत मात्र महत्त्वाच्या गोष्टी झाकलेल्या असतात, आणि त्या काम सुरू झाल्यावर, गच्ची फोडल्यावर, पैसे अर्धे दिल्यावर उघड्या होतात. त्या घटकेला कोण काय बोलेल, आणि जो बोलेल त्याचा लाभ कशांत आहे, यावर निवड अवलंबून असावी. चौरस फुटाचा दर त्यानंतर पाहावा.

एकहाती कंपनीच्या बाबतींत ती घटका अशी येते. पाया अपुरा आहे असें कंपनीच्या माणसाला आढळतें. दर तर आधींच ठरून गेला. आतां त्याच्यापुढें दोन मोह उभे असतात: दडपून टाकावयाचें, किंवा 'जादा काम' म्हणून आकारावयाचें. तो प्रामाणिक असला, आणि पुष्कळ असतात, तरी घरमालकाला तें कळण्याची सोय नाहीं. जादा काम हवें असें जो सांगतो, तोच त्याचे पैसे घेतो. तें काम नीट झालें असेंहि तोच सांगतो. डॉक्टरनेंच औषधांचें दुकान मांडावें, त्यांतला हा प्रकार आहे. डॉक्टर लबाड आहे असें त्यामुळें ठरत नाहीं, पण रोग्याला दुसरें मत कोठून मिळावें?

ही शंका नवी नाहीं. अमेरिकेंतील आर्किटेक्टांच्या संस्थेनें १९०९ सालीं आपल्या आचारनियमांत सभासदांना बांधकामाचा ठेका घेण्यास मनाई केली होती. मालकाचा सल्लागार आणि मालकाला माल विकणारा एकच असूं नये, हें त्यामागचें कारण. ती मनाई सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. मग ती उठली, आणि १९९३ मध्यें तेथें आराखडा व बांधकाम एकत्र करणाऱ्या व्यावसायिकांची स्वतंत्र संस्थाहि निघाली. म्हणजे ज्या देशानें दोन्ही कामें जवळजवळ सत्तर वर्षें कटाक्षानें वेगळीं ठेविलीं, त्यालाच पुढें तीं एकत्र करण्याचा लाभ दिसूं लागला. तो लाभ खोटा नव्हे, आणि त्याकडे काणाडोळा करून आर्किटेक्टचा कैवार घेणें अन्यायाचें होईल.

तो लाभ असा. आर्किटेक्ट व कंत्राटदार वेगळे असले म्हणजे गळक्या न्हाणीघराला दोन बाप होतात आणि एकहि पत्करीत नाहीं. कंत्राटदार म्हणतो, नकाशांत उतार चुकला. आर्किटेक्ट म्हणते, उतार बरोबर होता, कामगारानें फरशी उलटी बसविली. मालक बिचारा मधें बादली धरून उभा. एकहाती कंपनीला असें म्हणण्याची जागा उरत नाहीं. वेळहि वांचतो, नकाशा पुरा होऊन निविदा मागवून दर ठरेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, तोंवर कंपनीचें काम सुरूहि झालेलें असतें. आणि आर्किटेक्ट म्हटली कीं सारें आलबेल, असेंहि नाहीं. कित्येकांचा नकाशा हा छायाचित्रासाठीं असतो. जिन्याची पायरी साडेसात इंच ठेवावी कीं साडेसहा, हें गुडघे दुखणाऱ्या बाईला विचारावें असें ज्याला सुचत नाहीं, त्याच्याजवळ कितीहि पदव्या असोत, घर वाढविण्याचें काम त्याच्याकडे देऊं नये. कांहीं जण नकाशा दिल्यावर कामावर फिरकतहि नाहींत. म्हणून आर्किटेक्टशीं करार करतांना त्यांनीं कोणकोणत्या टप्प्यांना जातीनें हजर राहावें, हें लिहून घ्यावें: पाया उघडल्यावर, सळ्या बांधून झाल्यावर, काँक्रीट ओततांना, जलरोधक थर घालतांना.

कायद्याची बाजूहि थोडी पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयीं गैरसमज फार. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानें 'आर्किटेक्ट' ही संज्ञा नोंदणी झालेल्या व्यक्तींसाठीं राखून ठेविली. परंतु मार्च २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं हा कायदा त्या नांवाचें रक्षण करतो. नोंदणी नसलेल्यानें तशा प्रकारचें कामच करूं नये, असें तो म्हणत नाहीं. तेव्हां कंपनीच्या पत्रकावर 'आमचे डिझायनर' असें छापलेलें असेल तर त्यांत बेकायदा कांहीं नाहीं; पण त्यावरून नोंदणीकृत आर्किटेक्ट कामावर आहे असेंहि समजूं नये. नोंदणी क्रमांक 'सीए' या अक्षरांनीं सुरू होतो. तो सरळ विचारावा आणि वास्तुविशारद परिषदेच्या नोंदींत पडताळून पाहावा. या परिषदेचे १९८९ चे आचारनियमहि घरमालकाच्या उपयोगाचे आहेत. बांधकामाचा करार राबवितांना आर्किटेक्टनें निःपक्षपातीपणें वागावें, आणि काम मिळविण्यासाठीं दलाली घेऊं अथवा देऊं नये, असें ते सांगतात. मोडले तर परिषदेकडे तक्रार करतां येते. कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीवर असें कोणतेंहि बंधन नाहीं.

आतां पैशाचा प्रश्न. येथें आंकडे केवळ उदाहरणादाखल घेऊं. कंपनीनें चौरस फुटाला ३,००० रुपये सांगितले. ६०० फुटांचे १८ लाख झाले, आराखडा फुकट. आर्किटेक्ट व इंजिनिअर मिळून कामाच्या खर्चावर शेंकडा आठ मागतात, म्हणजे १ लाख ४४ हजार. सरळ पाहतां कंपनी स्वस्त. परंतु फुकट आराखडा ही वस्तु जगांत नाहीं. आराखडा काढणाराला पगार कोणीतरी देतच असतो आणि तो दरांत मिसळलेला असतो. त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, चौरस फुटाचा दर ही पद्धतच जुन्या घराला बसत नाहीं. जिना दोनशें फुटांसाठीं बांधा कीं सहाशें फुटांसाठीं, तो तेवढाच लागतो. कोबा फोडणें, राडारोडा वाहून नेणें, पाण्याची टाकी नव्या छपरावर चढविणें, जुन्या नळांना नवे नळ जोडणें, विजेचा भार वाढवून घेणें, महापालिकेचें शुल्क, आणि खालच्या खोल्यांत या धुमाळींत पडलेल्या भेगा बुजविणें, यांतील बऱ्याच बाबी क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढत नाहींत. आणि यांतील निम्म्या बाबी दरपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'समाविष्ट नाहीं' या मथळ्याखालीं सांपडतात. दरपत्रक वाचावयाचें तर मागून पुढें वाचावें. पहिल्या पानावर नुसती किंमत असते.

उलट, पुरा नकाशा व बाबवार मापें हातीं असलीं म्हणजे तींच कागदपत्रें तीन कंत्राटदारांना देतां येतात. तिघांचे दर एकाच वस्तूचे होतात. एकानें विटांची भिंत धरली, दुसऱ्यानें हलक्या ठोकळ्यांची आणि तिसऱ्यानें कांहींच सांगितलें नाहीं, असा गोंधळ उरत नाहीं. या चढाओढींत आर्किटेक्टचा मोबदला वसूल होईलच अशी हमी मात्र नाहीं. कधीं होतो, कधीं होत नाहीं. तो मोबदला स्वस्ताईसाठीं द्यावयाचा नसून दुसऱ्या मतासाठीं द्यावयाचा आहे.

तर त्या कुटुंबानें काय करावें? निवड करण्यापूर्वीं खड्डा घ्यावा. पाहणी हें स्वतंत्र काम समजून, तिचे स्वतंत्र पैसे देऊन, ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी करवून घ्यावी. आणि तो इंजिनिअर पुढें बांधकाम मिळण्याच्या आशेवर असणारा नसावा. पाया किती खोल व किती रुंद, खालीं मुरूम कीं काळी माती, भिंतींची जाडी, स्लॅबमधील सळ्यांची स्थिति, काँक्रीटचा कस, एवढें त्यांत असलें म्हणजे पुरे. साऱ्या कामाच्या मानानें हा खर्च किरकोळ असतो. तो अहवाल हातीं आला म्हणजे झाकलेल्या गोष्टींपैकीं बऱ्याचशा उघड्या होतात, आणि मग दोन्ही पक्षांशीं बोलण्याची घरमालकाची ऐपतच बदलते.

अहवाल चांगला आला आणि काम साधें असलें, उदाहरणार्थ परसांत स्वतःच्या पायावर उभी राहणारी एक खोली, तर एकहाती कंपनी अवश्य घ्यावी. तेथें जुन्या घराशीं संबंध एका दारापुरता. नव्या-जुन्याच्या मधें फट ठेवून सांधा करावा, दोहोंना एकमेकांत आंवळून बांधूं नये, कारण नवा पाया थोडा खचतो आणि जुना केव्हांच खचून स्थिर झालेला असतो. एवढें जाणणारी कंपनी असली कीं झालें. पण डोक्यावर मजला चढवावयाचा असेल, आणि विशेषतः अहवालांत कांहीं शंका नमूद असतील, तर स्वतंत्र आर्किटेक्ट व स्वतंत्र इंजिनिअर यांना पर्याय नाहीं. कारण तेव्हां उत्तरें अनेक संभवतात. जुन्या भिंतींवर भार न टाकतां बाहेरून नवे खांब त्यांच्याच पायावर उभे करून मजला त्यांवर घ्यावा. किंवा पोलादाचा सांगाडा व हलकें छप्पर करावें. किंवा विटांऐवजीं सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे वापरावे, ज्यांचें वजन विटांच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें असतें. किंवा दोन खोल्यांऐवजीं एकच बांधावी. शेवटचें उत्तर चौरस फुटावर पैसे घेणाऱ्याच्या तोंडून ऐकूं येणें कठीण.

या नमुन्याच्या घरांत समजा दोन खड्ड्यांपैकीं एक चांगला निघाला आणि दुसरा वाईट: समोरच्या बाजूस मुरूम, मागील न्हाणीघराच्या बाजूस काळी माती व उथळ पाया. असें घडतें. मग दोन्ही खोल्या समोरच्या अर्ध्या भागावर घेऊन मागची गच्ची मोकळी सोडणें हें शहाणपणाचें ठरतें, आणि सहाशें फुटांचे चारशें होतात. रंगीत चित्रांत दिसलेली मागची बाल्कनी गेली म्हणून सून हळहळेल. पण कर्जाचा आंकडाहि उतरेल, आणि आईबाप जेथें निजतात त्या खोलीवर ओझें येणार नाहीं.

तरीहि कोणाला कंपनीच पसंत असेल, तर निदान इंजिनिअर आपला ठेवावा. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशीं सळ्यांची जाडी, अंतर व खालचें आच्छादन त्यानें मोजावें. एकदां काँक्रीट पडलें कीं तें सत्य कायमचें गाडलें जातें. भारतीय मानक ४५६ प्रमाणें सळईच्या काँक्रीटला एम-२० हून हलकें मिश्रण चालत नाहीं. काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनीं दाबून पाहावयाचे असतात. ते कोणत्या प्रयोगशाळेंत जातात आणि अहवाल कोणाच्या नांवें येतो, हें ठरवून घ्यावें. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटच्या कामाला किमान १० दिवस पाणी मारावें लागतें. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू ७ दिवसांपूर्वीं आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांपूर्वीं काढूं नयेत. हे दिवस घरांतील माणसाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोजतां येतात. पुढच्या कामासाठीं लाकूड-पत्रे हवे आहेत म्हणून घाई करणाऱ्या मुकादमाला वडिलांनीं नुसती तारीख दाखवावी.

परवानगीच्या बाबतींत 'आधीं चढवा, मग पाहूं' असा सल्ला देणारे शेजारी प्रत्येक संस्थेंत भेटतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखालीं अशा बांधकामाला पूर्वपरवानगी लागते. आणि विनापरवाना बांधकामाची नोटीस येते ती घरमालकाच्या नांवें. तोंवर कंपनी दुसऱ्या गांवीं गेलेली असते. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्राला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. भूखंडावर चटई क्षेत्र किती शिल्लक आहे, बाजूचें अंतर किती सोडावें, हें तींतून निघतें. तें चित्र काढण्यापूर्वीं पाहावें, नंतर नव्हे. जमीन संस्थेच्या भाडेपट्ट्यावर असेल तर संस्थेचें ना-हरकतपत्रहि हवें. बँकेला कर्जासाठीं मंजूर नकाशा लागतो, आणि काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावें लागतें. अर्जावर सही करणारा परवानाधारक कोण, हें कंपनीला पहिल्याच भेटींत विचारावें. उत्तर देतांना ती अडखळली तर बोलणें तेथेंच थांबवावें.

रेरा कायदा आपलें रक्षण करील अशीहि कित्येकांची समजूत असते. तो कायदा विक्रीसाठीं बांधलेल्या इमारतींचा. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठीं करविलेल्या कामाला त्याचा आधार मिळत नाहीं. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येंत गृहबांधणीचा समावेश आहे, आणि सदोष कामाबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. तेथें उपयोगी पडतात तीं कागदपत्रें: सहीचा करार, बाबवार दर, आणि 'जादा काम' लेखी मंजुरीवांचून धरलें जाणार नाहीं हें कलम. तोंडी ठरलेल्या गोष्टी तेथें टिकत नाहींत.

हंगामाचें गणित जुन्या गवंड्यांना जसें पाठ होतें तसें तें आजहि लागू आहे. नकाशा, परवानगी व निविदा पावसाळ्यांत उरकून काम दिवाळीनंतर सुरू करावें आणि मृग लागण्यापूर्वीं वरची स्लॅब पडून तिच्यावरचा जलरोधक थर पुरा व्हावा. आर्किटेक्टचे ते दोन-तीन महिने वायां जातात असें जें वाटतें, तें मे महिन्यांत जागें होणाऱ्याला वाटतें. जूनमध्यें सुरुवात करणाराला ते महिने मोकळेच पडलेले असतात. कंपनीची घाई बहुधा तिच्या कामगारांच्या सोयीची असते. 'पंधरा मेला गच्ची फोडतों' असें म्हणणाराला नम्रपणें दिवाळीचें आमंत्रण द्यावें.

पैसे देतांना आगाऊ रक्कम थोडी आणि पुढचे हप्ते पुऱ्या झालेल्या टप्प्यांवर ठेवावे. तारखांवर ठेवूं नयेत. एकूण रकमेपैकीं शेंकडा पांच एक पावसाळा उलटेपर्यंत रोखून धरावे, आणि हें करारांत आधींच लिहिलेलें असावें. आराखड्याच्या हक्काविषयींहि एक ओळ हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नकाशाचा हक्क, अन्यथा ठरलें नसेल तर, सामान्यतः तो काढणाराकडे राहतो. म्हणून कंपनीशीं फिसकटल्यास त्याच नकाशावरून दुसऱ्याकडून काम पुरें करवून घेण्याची परवानगी, त्याचे पैसे दिलेले असल्यास, मालकाला असावी.

काम संपल्यावर जसें प्रत्यक्ष बांधलें तसे नकाशे मागून घ्यावे, मंजूर झाले तेवढेच नव्हेत. कोणत्या तुळईंत किती सळ्या आहेत, नळ व विजेच्या नळ्या कोणत्या भिंतींतून गेल्या आहेत, गिलावा करण्यापूर्वींचीं त्यांचीं छायाचित्रें, ठोकळ्यांचे अहवाल आणि खड्ड्यांचा तो पहिला अहवाल, हें सारें एका पुडक्यांत बांधून घराच्या खरेदीखताजवळ ठेवावें. १९६८ सालीं कोणी असें पुडकें बांधून ठेविलें असतें तर खड्डेहि कदाचित् घ्यावे लागले नसते. कंत्राटदार असो वा कंपनी, शेवटचा हप्ता हें पुडकें हातीं आल्यावर द्यावा.